कॉलेज पाट्टीचं कमिशन

कायद्याचं कोणतं महाविद्यालय चांगलं, हे मी सकाळी अकरा वाजता फोन लावून ठरवते. सोमवार ते शुक्रवार, कोणताही वार चालतो. तिथून पाच-सहा वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे नंबर मिळवायचे आणि एकामागून एक लावत जायचं. जो फोन उचलत नाही आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत "सॉरी मॅडम, कोर्टात होतो" म्हणून उलटा फोन करतो, तो वकिली करतो. जो उचलून दबक्या आवाजात "मीटिंगमध्ये आहे" म्हणतो, त्याला कंपनीत नोकरी आहे. आणि जो पहिल्या घंटीला उचलतो आणि मग ठेवायचं नाव घेत नाही, त्याचा फोटो माहितीपत्रकात कितीही मोठा छापलेला असो, तो घरी बसलेला आहे.

ही पद्धत मी शेजारच्या सुंदररावांना मोठ्या ऐटीत समजावून सांगत होते, तेवढ्यात माझाच फोन वाजला. मी पहिल्या घंटीला उचलला. गॅसवाल्याचा होता, पण मी त्याच्याशी बराच वेळ बोलले. सुंदरराव सभ्य माणूस, जमिनीकडे बघत राहिले. त्यांची मुलगी मात्र तोंडावर हात धरून हसली. ती तुळजा. तेव्हा अकरावीत होती. त्या हसण्यावरून मी ओळखलं की हिला पुरावा कळतो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कोर्टातल्या आठवणी मागितल्या होत्या. तंजावूरच्या कोर्टात मी आयुष्यभर दिवाणी दावे चालवले: वाटण्या, कालव्याचं पाणी, नारळीच्या बागांचे बांध. पण त्यातल्या काही दाव्यांत पक्षकारांच्या नातवंडांना अजून तारखा पडताहेत, तेव्हा त्याबद्दल गप्प बसलेलं बरं. गुडघ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या नाकारल्या त्यानंतर जे काम माझ्या गळ्यात पडलं, त्याबद्दल लिहिते. आधी एका शेजारणीने विचारलं, माझ्या मुलाला कायद्याला घालू का, कोठे घालू. मग तिच्या नणंदेने. मग ओळख ना पाळख असे लोक हौसिंग बोर्डाच्या आमच्या कॉलनीत येऊन रिक्षावाल्याला "कॉलेज पाट्टीचं घर" विचारू लागले. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. मी फी घेते. फुकटच्या सल्ल्याला कोणी मान देत नाही, हे वकिलीत शिकले.

काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नाही. तीन प्रश्न विचारायचे. आत कसं जायचं, खर्च कोण करणार, आणि बाहेर पडल्यावर मूल कोठे बसणार.

आत जायच्या वाटाही साधारण तीनच. आमच्या तमिळनाडूत सरकारी महाविद्यालयांना बारावीचे गुण बघतात, वेगळी परीक्षा नाही. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या विद्यापीठांना भारतभराची एकच परीक्षा असते, तीत कायदा विचारत नाहीत, लांबलचक इंग्रजी उतारे भरभर वाचता येतात का ते बघतात. आणि खासगी महाविद्यालयं स्वतःची परीक्षा घेतात, तीत नापास होण्यासाठी फारच प्रयत्न करावे लागतात.

खर्चाचं म्हणाल तर फी हा त्यातला दिसणारा भाग. लोक तेवढाच विचारतात. खरा खर्च सुट्टीत असतो. कायद्याच्या मुलांनी प्रत्येक सुट्टीत कोणा वकिलाकडे किंवा कंपनीत उमेदवारी करायची असते, ती दिल्ली-मुंबईला, खोलीभाडं आपलं, जेवण आपलं, आणि समोरचा हातावर काही ठेवेल याची खात्री नाही. शिक्षण संपलं तरी सनदेची परीक्षा आहे, मग कोणा सीनियरच्या हाताखाली फायली वाहायच्या आहेत. ती वर्षं घरच्यांनीच पोसायची. हे मी सांगते तेव्हा बापांचे चेहरे पडतात. आया मात्र मान डोलावतात, त्यांनी हिशेब आधीच केलेला असतो.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. एका खासगी महाविद्यालयात मी स्वतः गेले होते, पांढरीशुभ्र इमारत, दारात कारंजं. भिंतीवर नोकरी लागलेल्यांचे फोटो. मी चष्मा पुसून नीट बघितले. एकच मिशीवाला मुलगा दोन वेगवेगळ्या वर्षांच्या फळ्यांवर हसत होता. विचारलं तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "जुळे आहेत, मॅडम." पुढच्याच आठवड्यात तो मिठाईचा डबा घेऊन माझ्या दारात. मी पाठवलेल्या प्रत्येक मुलामागे काही देऊ करत होता. मी डबा परत दिला आणि वरून सांगितलं की सल्लागाराला ज्या उत्तरात फायदा असतो, ते उत्तर त्याच्या तोंडून यायला लाज वाटली पाहिजे. नंतर कित्येक दिवस हे वाक्य मी येईल त्याला ऐकवत होते. फार आवडलं होतं मला माझं वाक्य.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. ओरत्तनाडुकडचा एक भातगिरणीवाला आला, बसायच्या आधीच म्हणाला, "पाट्टी, सगळ्यात महाग कोणतं ते सांगा." मी म्हटलं, का? तर म्हणे, बोअरची मोटर स्वस्तातली घेतली की तीनदा काढून बसवावी लागते. मुलगा बाजूला बसून कॉफीच्या डबऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या खोलगट वाटीत, बघत होता. त्याला विचारलं तर त्याला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. झालाही. कायद्याचं एक चांगलं मूल कमी झालं असं म्हणवत नाही, पण गुरांचं भलं झालं. एका आईने विचारलं, प्रेमविवाह सगळ्यात कमी कोणत्या महाविद्यालयात होतात? मी म्हटलं, बाई, ती माहिती कोणी छापत नाही, आणि ज्यांनी केलेत ते अकराला फोन उचलत नाहीत.

लोकांना हसते, पण माझी स्वतःची निवड ऐका. माझ्या वेळी मी दोन महाविद्यालयांची रीतसर तुलना केली होती. मद्रासच्या माहितीपत्रकावर प्राचार्यांचं छायाचित्र होतं, पुण्याच्या माहितीपत्रकावर दगडी जिन्याचं. मी काळा गाऊन घालून त्या जिन्यावरून उतरते आहे, खाली लोक वाट बघताहेत, असं मला दिसलं आणि तुलना संपली. वडिलांना मात्र सांगितलं की पुण्यात आपली माणसं आहेत.

आपली माणसं. मी फाटकातून आत गेले ती दोन वेण्या, त्यांत अबोलीचा गजरा, आणि तोंडात माझ्या आजीची मराठी. वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, "मजला खोली दाखवावी." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का?" त्यानंतर वर्षभर मुली मला महाराणी म्हणत. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. पण काही मागायला गेले की दुसऱ्या खोलीतल्यांना हाक मारून आणत, ऐका ऐका, ही कशी बोलते. थोड्या दिवसांनी मी बोलणं कमी केलं. आणि तो जिना मुख्य इमारतीचा नव्हताच, शेजारच्या वाचनालयाचा होता, आणि त्यावर बसायला बंदी होती.

रविवारी मी रेल्वे स्टेशनावर जाऊन बसे. मद्रासच्या गाडीतून उतरणाऱ्यांचं तमिळ ऐकायला. हमाल सामान उचलत, बायका पोरांवर ओरडत, "अडेय, बॅग एंगेडा?", अरे, बॅग कुठाय, आणि मी बाकावर बसून ते कानात भरून घेई. तेव्हा मला वाटे, आपण मोठ्या दुःखी नायिका आहोत, कोणीतरी हे लिहून काढलं पाहिजे. बाकीच्यांना दिसत असणार ती केसांत वाळकी अबोली घातलेली, प्लॅटफॉर्म तिकिटाचे पैसे वसूल करणारी एक रडकी मुलगी. आपल्या माणसांत राहायचं म्हणून पुण्याला गेले, आणि पुण्यात तमिळसाठी स्टेशन गाठलं. अशा मुलीने पुढे जाऊन लोकांना महाविद्यालयं निवडून द्यावीत, यात काय ते समजा.

हे सगळं मी आता कोणाला सांगत नाही. सांगायला राहिलंय कोण? नवरा गेला. मुलगा दूरदेशी आहे, नातवंडं रविवारी फोनवर येतात आणि मला कुत्रा दाखवतात. गोड मुलं आहेत, मराठी समजतं म्हणतात, म्हणजे "जेवलीस का?" समजतं. इथे तंजावूरला मराठी राजांच्या राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत एकेकाळी संध्याकाळी दारादारांतून मराठी ऐकू यायची. त्यातली बरीच घरं चेन्नईला, बेंगळूरूला, त्याहून पुढे गेली. मुलांना शिकायला पाठवा, मोठं करा, असं त्या घरांना सांगणाऱ्यांत मीही होतेच. हा अंक घरी येईल तेव्हा कॉलनीत देवनागरी वाचणारी मी एकटी. स्वतःचा लेख स्वतःच वाचेन आणि स्वतःच बरा म्हणेन.

म्हणून तुळजा. सुंदरराव विजेच्या कार्यालयात नोकरीला, आमच्या मागच्याच ओळीत राहतात. मुलीला इंग्रजी उतारे भरभर वाचायची सवय व्हावी म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे धाडलं. शाळेतून सायकलवर यायची, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. आधी मी मराठीत विचारलं की ती तमिळमध्ये उत्तर द्यायची, इथल्या मराठी घरांतली सगळीच मुलं तशी देतात. मी हट्टाने ऐकू येत नसल्यासारखं करायची. काही महिन्यांत ती मराठीत भांडायला लागली. भाषा आली हे भांडणावरून कळतं. उतारे तासाभरात संपायचे, ती मात्र दिवे लागेपर्यंत थांबायची. मी कोर्टातल्या गोष्टी सांगायची, ती कॉफी करायची, फार गोड करायची. बारावी होईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं: कोर्टात उभं राहायचं. कंपनी नको, परीक्षा देऊन अधिकारी होणं नको. कोर्ट.

आणि सुंदररावांनी ठरवलं होतं: महाराष्ट्र.

"इथे काय आपण पाहुणे," ते मला म्हणाले. "शाळेत मातृभाषा विचारली की सांगायचं मराठी, आणि मास्तर विचारणार, म्हणजे बॉम्बे? तिथे गेली तर कोणी विचारणार नाही. आपल्या माणसांत राहील."

ती भारतभराची परीक्षा तुळजाला चांगली गेली. अर्ज सुंदररावांनी स्वतः भरला, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून, कोणाला हात लावू न देता. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात काही जागा त्या राज्याच्या मुलांसाठी राखून असतात, त्यांना फीतही सवलत मिळते. अर्जात प्रश्न होता: तुम्ही महाराष्ट्राचे अधिवासी आहात काय? सुंदररावांनी होय भरलं. त्यात लबाडी अजिबात नव्हती. त्यांना तो प्रश्न तसाच समजला, आमच्यातल्या कोणालाही तसाच समजेल. आपण कोण? मराठे. मग गाव कोणतंही असो.

तुळजाची निवड झाली. सुंदररावांनी पेढे नाही, आमच्याकडची बोळी वाटली, म्हणजे तुमची पुरणपोळी. मग कागदपत्रं मागवली गेली. अधिवासाचा दाखला पाठवा. सुंदररावांनी तुळजाचा शाळेचा दाखला पाठवला, ज्यावर मातृभाषा मराठी असं लिहिलेलं असतं, आणि सोबत जातीचा दाखला. पुन्हा विचारणा आली. त्यांनी आजोबांचाही शाळेचा दाखला पाठवला. मग उत्तर आलं, छापील, सभ्य: अर्जदार राज्याबाहेरची असल्याने राज्यातल्या मुलांच्या यादीतून नाव कमी केलं आहे. भारतभराच्या यादीत तिचा क्रमांक लागत असल्याने तिथे तिची जागा आहे, सवलत मात्र मिळणार नाही. कळवावं.

सुंदरराव तो कागद घेऊन माझ्याकडे आले, तुळजा मागे.

"बाहेरची म्हणाले," ते म्हणाले.

"कायदा राहण्याचा आहे, सुंदरराव. भाषेचा नव्हे. तिथे इतकी वर्षं राहिलेलं दाखवावं लागतं."

"आपले राजे कोठून आले इथे?"

"राजे घोड्यावरून आले. त्यांना कोणी दाखला मागितला नाही."

तुळजा हसली. ते हसले नाहीत. "अपील करता येईल की? तुम्ही लिहून द्या. इतिहास घाला त्यात."

"इतिहास घातला तर आणखी हरू," मी म्हटलं. "त्यांचं चुकलेलं नाही. तुमचंही नाही म्हणा, पण त्या चौकटीत होय भरलंत ते काढावं लागेल."

मला वाटतं पैशाचं दुःख त्यांना मागाहून झालं. आधी ते बाहेरची या शब्दापाशीच अडकले होते. इथे तमिळ मुलखात जन्मभर स्वतःला मराठा म्हणत राहिलेला माणूस, त्याला मराठ्यांच्या मुलखातून कळलं की तू तमिळनाडूचा.

आता उरले दोन मार्ग. महाराष्ट्रातलं ते नावाजलेलं विद्यापीठ, पाच वर्षं वसतिगृहात, बँकेचं कर्ज काढून. किंवा आमच्या जवळचं सरकारी महाविद्यालय, बसने जाऊन येण्यासारखं, बारावीच्या गुणांवर तिला सहज मिळणारं. आठवडाभरात कळवायचं होतं. सुंदरराव म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं. लोकांना सांगता, आम्हालाही सांगा."

मी बसले. नेहमीसारखे तीनही प्रश्न मांडले. आत जाण्याचा प्रश्न सुटलेला. खर्चात जवळचं सरस, वादच नाही. बाहेर पडल्यावर कोठे बसणार? त्या विद्यापीठातून बाहेर पडणारी बहुतेक मुलं मोठ्या शहरांत कंपन्यांत जातात, उत्तम जातात. पण या मुलीला कोर्ट हवंय, तेही इथलं, जिथे साक्षीदार तमिळमध्ये रडतो आणि कागद तमिळमध्ये असतात. कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीला सीनियरच्या हाताखालची बिनपगारी वर्षं परवडत नाहीत, ती कंपनीकडेच वळणार. उत्तर आलं: जवळचं.

मी पुन्हा मांडलं. पुन्हा जवळचं.

तिसऱ्यांदा मांडायला घेतलं आणि थांबले. परक्या कोणाचं मूल असतं तर पहिल्याच वेळी मी उत्तर देऊन कॉफी विचारली असती. इथे मला ते उत्तर इतकं आवडत होतं की माझा त्याच्यावर विश्वास बसेना. मिठाईच्या डब्यावाल्याला ऐकवलेलं ते सुंदर वाक्य आता माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला कोर्ट हवंय हे तिला कोणी शिकवलं? माझ्याच व्हरांड्यात बसून शिकली की.

दुसऱ्या दिवशी तुळजा आली तेव्हा मी तिला समोर बसवलं.

"सल्ला देण्याआधी एक सांगणं भाग आहे. या प्रकरणात मजला कमिशन आहे."

ती दचकली. "कोण देतं?"

"तू. इथे राहिलीस तर रोज येशील. गेलीस तर मी मराठीत बोलू कोणाशी? दूधवाल्या मुरुगनशी?"

"त्याला थोडं समजतं, आज्जी."

"त्याला 'नको' आणि 'उद्या' एवढंच समजतं."

मी पुढे म्हटलं, "आणि हे कोर्टाचं खूळ पण माझंच. तू माझ्या गोष्टी ऐकून ठरवलंस."

"ते माहीत आहे मजला," ती म्हणाली. "तुम्ही जिंकलेल्याच सांगता."

"न्यायाधीशाचा नातेवाईक दाव्यात निघाला तर न्यायाधीश बाजूला होतो. तशी मी बाजूला झाले. हे नंबर घे. काही तिथले आहेत, काही इथले. अकरा वाजलेत. तूच फोन कर, तूच ठरव. मी मार्केटात चालले."

"माझ्यासमोर बसा की. मी तुम्हाला विचारणार नाही."

"तू विचारणार नाहीस, पण माझं तोंड उत्तर देईल."

मी पिशवी घेऊन निघाले. मार्केटात मला काहीच घ्यायचं नव्हतं. सुरण घेतला, एकट्या बाईला आठ दिवस पुरेल इतका. मग कॉफीच्या दुकानापुढे उभी राहिले. पुण्यातल्या त्या स्टेशनाची गोष्ट माझ्या जिभेवर होती. ती एक गोष्ट सांगितली असती तर मुलीने त्या विद्यापीठाकडे बघितलं नसतं, आणि तिच्या बापाचं आपल्या माणसांचं स्वप्नही तिथेच संपलं असतं. खरीही होती गोष्ट. पण पुण्याने मला कायदाही शिकवला, आणि एका वृद्ध प्राध्यापकांनी माझ्या मराठीला हसणाऱ्या वर्गाला दम दिला होता, तेही खरं होतं, आणि ते मला कधी आधी आठवत नाही. तेव्हा मी दोन्ही गिळलं. कॉफीही गिळली, ती पातळ होती.

परत आले तर सुंदररावही येऊन बसले होते, ऑफिसातून अर्धी रजा काढून. तुळजाच्या कानाला फोनची खूण उमटलेली.

"बोल," मी म्हटलं.

ती आधी बापाशी तमिळमध्ये काहीतरी भरभर बोलली, मग माझ्याकडे वळली. "तिथली एक अक्का मुंबईला आहे. मोठी कंपनी. छान बोलली, खूप छान. फ्लॅट घेतलाय. मी विचारलं, कोर्टात जाता का. म्हणाली, एकदा गेले होते, रस्ता चुकले. एक अण्णा दिल्लीत वकिली करतो. त्याचं भाडं अजून त्याचे अप्पा भरतात. त्याने सांगितलं, कर्ज असेल तर येऊ नको."

"आणि इथले?"

"इथल्यांतला एक पहिल्या घंटीला उचलला."

मी सुरणाची पिशवी खाली ठेवली.

"अर्धा तास बोलला. त्याला कोणी सीनियर मिळाला नाही. एकीने उचललाच नाही, आत्ता उलटा फोन केला, कोर्टाच्या आवारातून. मागे कोणीतरी तिला ओरडत होतं. तिने मजला म्हटलं, शनिवारी ये, बघ." ती बापाकडे बघत म्हणाली, "अप्पा, मी इथेच राहते."

सुंदरराव म्हणाले, "तिथे आपली माणसं असती."

"त्यांनीच तर बाहेरची म्हटलं, अप्पा."

हे जरा कठोर झालं, तिलाही कळलं. ती उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. सुंदरराव खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "सरी. बसचा पास काढावा लागेल." आमच्याकडे बाप माणसं संमती अशीच देतात.

जाताना ती दारात थांबली. "आज्जी, तुमच्यासाठी नव्हे हं."

"मी कोठे म्हटलं?"

"म्हणू पण नका. नाहीतर मजला रोज यावं लागेल."

तिची निवड चांगली होती, हे मी आज तटस्थपणे सांगू शकते. तटस्थपणे सांगायला पुरेसा वेळ मिळतो मला. महाविद्यालय सुरू झालं. सकाळी पहिल्या बसने जाते. वर्ग संपले की त्या ओरडा खाणाऱ्या वकीलबाईंच्या ऑफिसात उमेदवारी, तिथून शेवटच्या आधीची बस. शनिवारी अभिरूप न्यायालय म्हणून असतं, मुलं खोटा खटला खरा समजून लढतात. तिला पहिल्या वर्षी त्यात बक्षीस मिळालं, इंग्रजीत भांडून. तमिळमध्येही भांडते आता, ऐकण्यासारखं. मागच्या महिन्यात सुंदरराव रस्त्यात भेटले, म्हणाले, "तुम्ही बरोबर सांगितलंत." मी म्हटलं, मी सांगितलंच नाही. ते म्हणाले, तेच ते.

सगळ्यांना मी विचारते, मूल सोमवारी अकरा वाजता कोठे असेल. संध्याकाळी सहाला कोठे असेल हे विचारायचं मात्र माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. दूर गेली असती तर निदान रविवारी फोनवर कुत्रा तरी दाखवला असता. इथे मागच्या ओळीत राहते, आणि मी तिला बहुतेक वेळा पाठमोरी बघते, बसकडे पळताना. तक्रार नाही. चांगली वकील व्हायची तर अशीच पळायला हवी. तो सहाचा प्रश्न मी सल्ला मागायला येणाऱ्यांना आता चौथा म्हणून विचारते, फी न वाढवता.

गेल्या रविवारी आली. हातात जाड पुस्तक, डोळ्यांखाली काळं. कॉफी मीच केली, तिने चव न बघता प्यायली. म्हणाली, "आज्जी, प्रतिकूल ताबा काय ते नीट डोक्यात जात नाही. परीक्षेला आहे. मराठीत सांगा."

मला बरं वाटलं. खुर्ची तिच्याकडे ओढली आणि सुरू केलं. म्हटलं, समज, जागा दुसऱ्याची आहे. तू तिथे जाऊन बसलीस. चोरून नव्हे, उघड. भाडं नाही, परवानगी नाही. मालकाला दिसतंय, पण तो हटकत नाही. वर्षामागून वर्षं गेली, तू झाडं लावलीस, बांध घातलास, तिथेच म्हातारी झालीस. आता कायदा त्या मालकाला म्हणतो, इतके दिवस कोठे होतास बाबा? मग मी तिला ओरत्तनाडुच्या वाटेवरच्या एका नारळीच्या बागेचा दावा सांगू लागले. त्यात एक म्हातारी होती, ती रोज सकाळी बागेत जाऊन बसायची, बाकी काही करायची नाही, नुसती बसायची, आणि समोरच्या वकिलाने तिला विचारलं की बाई, नुसतं बसणं म्हणजे ताबा होतो का.

इथवर आले तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवरून घसरलं होतं आणि मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. पंखा तिच्याकडे वळवला. म्हातारीने कोर्टात काय उत्तर दिलं ते अजून सांगायचं राहिलं होतं. मी आवाज थोडा खाली केला आणि पुढे सांगत राहिले.